काचपेटीतली थोटी

तपासबाईंचे पाय कोमट पाण्याच्या टबात होते आणि त्यांना जगातल्या कुठल्याही माणसाची चौकशी करायची इच्छा नव्हती. नेमकी तेव्हाच ती बाई दारात येऊन उभी राहिली.

"बसा," तपासबाई म्हणाल्या. "मी उठत नाही. पायांनी आज राजीनामा दिलाय."

एकवीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे खरेखोटे दावे तपासून झाल्यावर त्यांनी ही दोन खोल्यांची कचेरी थाटली होती. मदतीला धाकटा भाऊ. तो पोस्टातून निवृत्त झालेला. स्कूटर चालवायचा, वही लिहायचा आणि मनापासून चुकीचे निष्कर्ष काढायचा. रागावल्या की बाई त्याला बंधुराज म्हणत. त्या बहुतेक वेळा रागावलेल्याच असत, त्यामुळे तेच नाव पडलं.

आलेली बाई पन्नाशीची, ठेंगणी, खांद्याला कापडी पिशवी. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"मी म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला घरी जाते. ब्युरोकडून. सगळे मावशीच म्हणतात मला."

"काय झालं, मावशी?"

"माझ्यावर खुनाचा आळ आलाय."

बंधुराज ताठ बसले. पेन उघडलं. "कोणाचा खून?"

"कोळ्याचा. आठ पायांच्या."

बंधुराजांनी पेनाला टोपण लावलं. तपासबाईंनी मात्र पाय टबातून बाहेर काढले आणि पुसायला घेतले. "लिहा हो," त्या भावाला म्हणाल्या. "बाई रडत नाहीये, हे दिसत नाही का तुम्हाला? रडून झालेलं आहे तिचं. नीट सांगा मावशी. पहिल्यापासून."

मावशींनी सांगितलं. तीन वर्षं त्या अण्णांकडे होत्या. अण्णांचं चष्म्याचं दुकान होतं, आता वय अठ्ठ्याहत्तर, हात थरथरतात. घरात मुलगा आणि सून. अण्णांच्या खोलीत झाडं लावलेली एक काचपेटी, आणि तिच्यात चाबूककोळी. तळहाताएवढा चपटा जीव. विष नाही, जाळं नाही, दिसायला मात्र भयंकर. पुढचे दोन पाय चाबकासारखे लांब. चालायला नाहीत ते, चाचपायला.

"पहिले चार महिने मी त्या खोलीत भिंतीला चिकटून चालायचे. मग अण्णांच्यानं फवारणीची बाटली दाबवेना. म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी मीच मारायला लागले. मग भीती गेली. गेल्या उन्हाळ्यात काच सरकवताना तिचा डावा चाबूक अर्धा तुटला. तेव्हापासून मी तिला थोटी म्हणते. अण्णाही तेच म्हणायला लागले."

"मग?"

"मागच्या बुधवारी तिच्या पोटाखाली अंडी दिसली. अण्णा म्हणाले, पिल्लं पाठीवर चढेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. शनिवारी संध्याकाळी मी पाणी मारलं, तेव्हा चांगली होती. रविवार माझा सुट्टीचा. सोमवारी सकाळी गेले तर खाली मातीवर उताणी पडलेली. उचलली तर वाळक्या पानासारखी कडक. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. अण्णा उठून आले, त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. त्यांचा मुलगा आला. म्हणाला, खोलीत झुरळाच्या औषधाचा वास येतोय, मावशींनी शनिवारी जाताना मारलं असणार. म्हणाला, आजपासून येऊ नका."

"मारलं होतंत?"

"नाही. मी त्या खोलीत साधी उदबत्ती लावत नव्हते, बाई."

"अण्णा काय म्हणाले?"

मावशी पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिल्या. "काहीच नाही म्हणाले."

ब्युरोच्या मालकीणबाई शुक्रवारी संध्याकाळी वहीत शेरा लिहिणार होत्या. 'हलगर्जी' असा शेरा लागला की दुसरं घर मिळत नाही. आणि मावशी राहायच्या ती खोलीही ब्युरोचीच होती.

"काम परत हवंय तुम्हाला?" तपासबाईंनी विचारलं.

"आधी नाव परत हवंय. कामाचं मग बघू."

गुरुवारी सकाळी दोघं भावंडं अण्णांच्या घरी पोचली. ब्युरोकडून फोन गेला होता, त्यामुळे कोणी अडवलं नाही. आदरातिथ्यही कोणी केलं नाही.

अण्णांची खोली मागच्या बाजूला होती. एक पलंग, एक आरामखुर्ची आणि खिडकीपासून लांब, सावलीत, ती काचपेटी. रुंदीला दीड हात, उंचीला दोन. तळाला भाजलेल्या मातीच्या गोळ्या, वर काळी माती, तिच्यावर वाळकी पानं आणि शेवाळ. कोपऱ्यांत नेचे. मागच्या काचेला टेकवून बुचाच्या सालीची मोठी फळी उभी केलेली. आतून काच धुक्यानं भरली होती आणि थेंब एकामागून एक खाली ओघळत होते.

पेटीशेजारी पाण्यानं भरलेला तांब्या होता आणि जाळीच्या डब्यात रातकिडे होते. भर सकाळी त्यांचा किरकिराट चालला होता. डब्यात गाजराच्या चकत्या होत्या, केशरी आणि ओल्या.

"थोटीचं खाणं," अण्णा म्हणाले. अंगानं वाळलेले, दाढी दोन दिवसांची. बोलताना त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं नाही.

"तिला बघू शकतो का?"

अण्णांनी उशाखालून चष्म्याची एक तपकिरी डबी काढली. डबीच्या झाकणावर काहीतरी चिकटवून काढल्याचा चौकोनी डाग होता. आत कापसावर ती होती. पाय आवळलेले, आणि पुढचे दोन लांब चाबूक दोन्ही बाजूंनी गोल वळून कापसाच्या कडेला टेकलेले. बंधुराजांना कोळ्यांची शिसारी होती. त्यांनी लांबूनच मोठा सुस्कारा सोडला, तशी ती कापसावरून बोटभर सरकली. अण्णांनी पटकन झाकण लावलं.

"पुरलं नाहीत तिला?"

"बघू."

तपासबाई आरामखुर्चीत बसल्या. विचारून नाही. "अण्णा, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पेटी एवढी उंच कशाला?"

म्हाताऱ्याचा चेहरा जरा सैल झाला. "कात टाकायला. सालीला उलटी लटकते आणि जुन्या अंगातून खाली निसटते. खाली तिच्या लांबीच्या दुप्पट जागा मोकळी हवी, नाहीतर अर्ध्यात अडकून मरते. लोक सुंदर आडवी पेटी करतात, झाडं लावतात आणि जीव घालवतात. पेटी आपल्यासाठी नसते, तिच्यासाठी असते."

"कितीदा टाकली कात?"

"माझ्यासमोर सहा वेळा. शेवटची दोन वर्षांपूर्वी. एकेक कात जपून ठेवलीय, ती काय." भिंतीवरच्या फळीवर तपकिरी डब्या ओळीनं मांडल्या होत्या, प्रत्येकीवर आकड्याची चिठ्ठी. बंधुराजांनी मन लावून मोजल्या आणि वहीत लिहिलं: पाच.

"तुटलेला पाय पुन्हा येतो?"

"पुढच्या कातीला येतो. नवाकोरा."

"आणि अंडी असताना कात टाकते?"

अण्णांनी मान वर केली. "मावशींनी सांगितलं वाटतं. आम्हा दोघांनाच ठाऊक होतं ते. नाही, अंडी असताना टाकत नाही. कातीबरोबर अंडीही जातील."

तपासबाईंनी पेटीची काच चारपाच बोटं सरकवली. नेच्याचं एक गळलेलं पान मातीवर पडलं होतं, पांढऱ्या बुरशीनं वेढलेलं. त्यांनी ते टोकानं हलवलं. खालून बारीक पांढरे किडे टुणटुण उडाले.

"साफसफाईवाले," अण्णा म्हणाले. "या ओलाव्यात काहीही पडलं की रात्रीत मऊ पडतं. चार दिवसांत त्याची माती करतात ते."

"अण्णा, मावशींनी औषध मारलं असं तुम्हाला वाटतं?"

"मुलगा म्हणतो."

"मी तुम्हाला विचारलं."

अण्णा आपल्या थरथरत्या हाताकडे बघत राहिले. "माझी नजर आता अधू झालीय," ते म्हणाले. प्रश्न नजरेचा नव्हता, पण तपासबाईंनी तो पुन्हा विचारला नाही.

सूनबाई स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या. मावशी गेल्यापासून सगळं त्यांच्याच अंगावर पडलं होतं आणि ते त्यांच्या हालचालींत दिसत होतं.

"मला त्या प्राण्याची किळस येते. राग नाही येत," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पण मावशी चांगल्या होत्या. आता पुढच्या महिन्यात यांची बदली होतेय, दुसऱ्या गावी. अण्णा म्हणतात, पेटी हलवली तर ती मरेल, मी येत नाही. मावशी आहेत, मी इथेच राहतो. तेच भांडण रोज."

"औषधाचा वास तुम्हाला आला?"

"नाही बाई. पण हे म्हणाले, म्हणजे असेल. डबा तर तिथे वर ठेवलाय, माझाच आहे."

"रविवारी कोण कोण होतं घरी?"

"मी दुपारी माहेरी गेले होते. अण्णा जेवून झोपतात चारपर्यंत. हे होते. संध्याकाळी गाडी धुवून आणली यांनी."

बंधुराजांनी खिडकीतून खाली पाहिलं. गाडीवर बोटानं नाव लिहावं एवढी धूळ होती. ते त्यांनी वहीत लिहिलं, पण का लिहिलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

चिरंजीव जेवायला घरी आले. पंचेचाळिशीचे, नीटनेटके, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "बरं झालं, चौकशी होतेय," ते म्हणाले. "विश्वासानं माणसं ठेवायची आणि हे असं."

"वास कधी आला?"

"सोमवारी सकाळी. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर. डोळे चुरचुरले माझे."

"अण्णांना फार लागलं असेल."

"लागणारच. पण एक सांगू?" त्यांचा आवाज खाली आला. "दोन महिन्यांपूर्वी अण्णा त्या पेटीसमोर सांडलेल्या पाण्यात घसरून पडले. मनगट मोडलं. आम्हाला हाक मारली नाही. पहाटे मी पाणी प्यायला उठलो तेव्हा जमिनीवर पडलेले दिसले. मला म्हणाले, आधी बघ, तिची काच नीट लागलीय का. बाप जमिनीवर पडलाय आणि त्याला काचेची काळजी. माझी काय अवस्था झाली असेल?"

हे बोलताना त्यांचे डोळे खरंच ओले झाले होते. तपासबाईंनी मान हलवली. खरं दुःख आणि खोटी साक्ष एकाच माणसाकडे असू शकतात, हे त्यांनी विमा कंपनीत शेकडो वेळा पाहिलं होतं. दर वेळी तेवढंच थकायला होई.

शेवटचे रोपवाले. अण्णांना नेचे, शेवाळ आणि साल तेच पुरवत. चाबूककोळ्यांचा शौक त्यांनाही होता. त्यांच्या काचघरात दमट उकाडा होता आणि बंधुराजांचा चष्मा शिरल्या शिरल्या धुरकटला.

"महिना झाला त्यांच्या घरी गेलो नाही," रोपवाले कंबर धरत म्हणाले. "मणका धरलाय. कळलं ते फोनवर. वाईट झालं. अण्णांनी जिवापाड जपली होती. पोटाखाली पिशवीभर अंडी घेऊन गेली बिचारी."

"फोन कोणी केला?"

"त्यांच्या मुलानं."

तपासबाई मागच्या कोपऱ्याकडे वळल्या. तिथे ओल्या गोणपाटानं काहीतरी उंच झाकून ठेवलं होतं. रोपवाले कंबर विसरून चपळाईनं मधे आले. "तिकडे नको, तिकडे खत आहे. वास येतो."

"बरं," तपासबाई म्हणाल्या. "उद्या चार वाजता अण्णांकडे या. आणि ते खत घेऊन या."

परतीच्या वाटेवर एका टपरीशी स्कूटर थांबवून दोघांनी चहा घेतला. बंधुराजांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. बाईंनी ते ओळखलं आणि डोळे मिटले.

"ताई, सुटलं. डबीत आहे ती थोटी नाहीच. कात आहे ती. माझ्या सुस्काऱ्यानं उडाली म्हणजे आत काही नाही. म्हणजे सोमवारी तिनं कात टाकली आणि ती झाडीत लपलीय. खून नाही, काही नाही. काखेत कळसा."

तपासबाईंनी डोळे उघडले. "अर्धं बरोबर आहे. तुमचं अर्धं बरोबर आलं की मला भीती वाटते. वही वाचा परत. कातीचे दोन्ही चाबूक कसे होते?"

बंधुराजांनी वही चाळली. मग चहा तसाच राहिला.

शुक्रवारी चार वाजता अण्णांच्या खोलीत सगळे जमले. अण्णा पलंगावर, चिरंजीव खिडकीशी, सूनबाई दारात. रोपवाले गोणपाटात गुंडाळलेली बरणी मांडीवर घेऊन बसले होते आणि कोणाकडे बघत नव्हते. मावशी उभ्याच राहिल्या. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही, म्हणून तपासबाईंनी बंधुराजांना उठवून त्यांना खुर्ची दिली.

"ब्युरो सहाला बंद होतं," तपासबाई म्हणाल्या. "त्यामुळे पाल्हाळ लावत नाही. पहिली गोष्ट, या खोलीत औषध मारलं गेलंच नाही. झुरळाचं औषध मारलं असतं तर पेटीतले ते बारीक पांढरे किडे आधी मेले असते. शेजारच्या डब्यातले रातकिडेही मेले असते. गुरुवारी दोन्ही ठणठणीत होते. आताही ऐका."

रातकिडे किरकिरत होते.

"आता जे औषध मारलंच नाही, त्याचा वास घरात एकाच माणसाला आला. डोळेही त्याचेच चुरचुरले."

सूनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"दुसरी गोष्ट. अण्णा, डबी द्या." अण्णांनी उशाखालून डबी काढली, पण सोडली नाही. तपासबाईंनीच ती त्यांच्या हातातून अलगद घेतली आणि उघडली. "हे प्रेत नाही. प्रेताला वजन असतं. ही कात आहे. आमचे बंधू म्हणाले, थोटीनं सोमवारी टाकलेली कात. पण अंडी असताना ती कात टाकत नाही. शिवाय या पेटीच्या ओलाव्यात पडलेली कात रात्रीत मऊ पडली असती. मावशींना सोमवारी सापडली ती वाळक्या पानासारखी कडक. म्हणजे कोरड्या जागी जपून ठेवलेली होती आणि मावशी यायच्या थोडीच आधी आत टाकली होती. आणि हे बघा."

त्यांनी पेन्सिलीनं दोन्ही चाबूक उलगडले. दोन्ही सारखेच लांब होते.

मावशींनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई. मी नाव ठेवलं थोटी, आणि मलाच दिसलं नाही."

"तुम्ही घाबरला होतात. थोटीचा डावा चाबूक गेल्या उन्हाळ्यात तुटला. आता कात टाकली असती तर कातीचाही डावा चाबूक अर्धाच असता. म्हणजे ही त्याआधीची. शेवटची, सहावी. अण्णांनी सहा काती जपल्यात आणि फळीवर डब्या पाच आहेत."

"मग खरी थोटी?" सूनबाईंनी विचारलं.

"रोपवाले, अंडी मागच्या बुधवारी दिसली. अण्णा आणि मावशींनी ती कोणालाच सांगितली नव्हती. तुम्ही महिनाभर या घरात आला नाहीत. तरी तुम्हाला तिच्या पोटाखालची पिशवी ठाऊक होती. तुम्ही तिच्याकडे गेला नाहीत, तर तीच तुमच्याकडे आली असणार. रविवारी दुपारी अण्णा झोपलेले, सूनबाई माहेरी. संध्याकाळी एक गाडी धुवायला गेली आणि चार दिवसांत बोटभर धूळ घेऊन उभी आहे, म्हणजे ती धुवायला गेलीच नव्हती. खत उघडा आता."

रोपवाल्यांनी गोणपाट सोडलं. उंच काचेच्या बरणीत सालीच्या तुकड्याला थोटी बिलगून बसली होती, पोटाखाली अंड्यांची फिकी पिशवी. उजवा चाबूक हळूच काचेवरून फिरला. डावा अर्ध्यातच संपत होता.

"मला म्हणाला, वडिलांच्या जिवावर बेतलंय, काही महिने सांभाळा," रोपवाले पुटपुटले. "मावशींचं मला काहीच सांगितलं नाही. आईशप्पथ."

चिरंजीव खिडकीशी तसेच उभे होते. "मला वाटलं, ती गेली की अण्णा आठवडाभर रडतील आणि मग आमच्याबरोबर येतील," ते म्हणाले. "मारायचं नव्हतं मला तिला. नाहीतर नाल्यात टाकली असती. मी पुन्हा त्यांना त्या जमिनीवर पडलेलं बघू शकत नाही, बस."

"आणि मावशी?" तपासबाईंनी विचारलं.

"अण्णांनी विचारलं असतं, ती मेली कशानं? काहीतरी कारण हवं होतं."

"आणि मावशी गेल्या की अण्णांना इथे एकटं राहताही येणार नाही. एका दगडात दोन पक्षी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच."

सूनबाई नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्या औषधाच्या डब्याचं नाव घेतलंत तुम्ही." एवढंच म्हणाल्या, पण चिरंजीवांनी मान खाली घातली. बंधुराजांनी वही मिटली.

"मिटू नका," तपासबाई म्हणाल्या. त्या फार दमल्या होत्या आणि पुढचं बोलायची त्यांना अजिबात हौस नव्हती. "संपलं नाही अजून. अण्णा, तुम्ही सहा काती स्वतःच्या हातानं सालीवरून सोडवल्यात. तुमची नजर अधू असेल, बोटं नाहीत. मावशींच्या हातातून घेतलीत तेव्हाच तुम्हाला कळलं की ही कात आहे. मग तुम्ही ती परत तिच्याच डबीत ठेवलीत आणि सहा आकड्याची चिठ्ठी झाकणावरून ओरबाडून काढलीत. गोंदाचा चौकोन राहिलाय. बाटली दाबवत नसताना मेलेल्या जिवासाठी कोणी रोज तांब्यानं पेटी भिजवत नाही. रातकिड्यांना रोज ताजं गाजर चिरून घालत नाही. ती जिवंत आहे आणि परत येणार, हे तुम्हाला सोमवारपासून ठाऊक होतं. कोणी नेली असेल, तेही."



मावशी खुर्चीवरून उठल्या. मुलाचं सगळं ऐकताना त्यांचा चेहरा हलला नव्हता. आता तो हलला. "अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल," अण्णा म्हणाले. "स्वतःहून सांगेल. मुलगा आहे माझा. त्याला चारचौघांत खोटं पाडायचं..."

"आणि मी कोण होते?"

याचं उत्तर अण्णांनी पाच दिवसांपूर्वीच शोधायला हवं होतं. "मावशी, चुकलं माझं," ते शेवटी म्हणाले.

"हो. चुकलं."

तपासबाईंनी पर्समधून कागद काढला. 'थोटीच्या बाबतीत मावशींचा काहीही दोष नव्हता. आळ खोटा होता आणि तो आम्ही जाणूनबुजून राहू दिला.' खाली दोन सह्यांची जागा. चिरंजीवांनी आधी सही केली. अण्णांची सही व्हायला वेळ लागला, कारण हात फार थरथरत होता. मावशी मदतीला पुढे झाल्या नाहीत.

"उद्यापासून याल ना?" अण्णांनी विचारलं. "मी बदलीच्या गावी जाणार नाही. तुम्ही असलात तर मला..."

मावशींनी रोपवाल्यांच्या मांडीवरची बरणी उचलली, पेटीची काच सरकवली आणि बरणी आत आडवी धरली. थोटीनं उजवा चाबूक पुढे केला, बुचाची साल चाचपली, खात्री करून घेतली आणि एकेक पाय टाकत सालीवर चढली. वरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन ती स्थिर झाली. मावशींनी काच लावली. दोनदा दाबून बघितली. मग फवारणीची बाटली घेऊन त्या खिडकीशी गेल्या आणि ती चिरंजीवांच्या हातात दिली.

"सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा. तिच्या अंगावर नाही मारायचं, सालीवर मारायचं. खाली सांडलं की लगेच पुसायचं, म्हणजे कोणी घसरत नाही. तीन महिन्यांत पिल्लं पाठीवर चढतील. तोपर्यंत पेटी हलवायची नाही."

"मावशी, मला नाही जमणार," चिरंजीव म्हणाले.

"मलाही जमत नव्हतं. चार महिने भिंतीला चिकटून चालत होते मी." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "येते, अण्णा. गोळ्या जेवणानंतर घ्या."

अण्णांनी मान हलवली. मावशी दाराकडे वळल्या तेव्हा सूनबाई बाजूला झाल्या आणि त्यांनी मावशींचा हात धरून ठेवला, थोडा वेळ.

तपासबाई जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. खाली स्कूटरपाशी मावशी थांबल्या. सही केलेला कागद त्यांनी पिशवीतून काढून पुन्हा एकदा पाहिला आणि परत आत ठेवला.

"बाई, साडेपाच झालेत. ब्युरो सहाला बंद होतं म्हणालात. स्कूटरवर सोडाल का मला?"

"सोडते की."

"पण ताई, तिघं कसे बसणार?" बंधुराज म्हणाले.

तपासबाईंनी हेल्मेट चढवलं. भावाकडे पाहिलंही नाही.

"तिघं नाही बसणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही चालत या."